देवडीपासून माजघरापर्यंत

वाडा म्हटला की चिरेबंदी जोते, सागवानी खांब आणि चौक डोळ्यांपुढे येतात. या शब्दाच्या मुळाशी मात्र दगड नाही आणि लाकूडही नाही. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, किंवा कुंपणाने घेरलेली जागा. त्यापासून प्राकृत 'वाड' आणि मराठी वाडा; 'वाटिके'पासून वाडी. आपण चालतो ती वाट निराळ्या कुळातली, 'वर्त्मन्', प्राकृत 'वट्ट' अशा मार्गाने आलेली. स्वरांमधला एकटा 'ट' मराठीपर्यंत येता येता 'ड' होतो, जोडीने आलेला 'ट' टिकतो. म्हणून संस्कृतातली वाट वाडा झाली आणि मराठीतली वाट संस्कृतात कधी वाट नव्हतीच.

कुंपणाचा अर्थ शेजारी अजून जिवंत आहे. गुजरातीत 'वाड' म्हणजे कुंपण, हिंदीत 'बाड़ा' गुरांचा. नगर जिल्ह्यातही मेंढरांचा वाडा रानात बसतो आणि उठतो. गवळीवाडा, कोळीवाडा यांत एका समाजाची वस्ती आहे. आधी कुंपण, मग घेरलेली जागा, मग वस्ती आणि शेवटी एकाच घराण्याची वास्तू, असा अर्थाचा प्रवास झालेला दिसतो. वास्तूलाही तो साजतो. वाडा गावाकडे बंद भिंत करतो आणि सारा मोकळेपणा आतल्या चौकासाठी राखतो.

गोदाकाठच्या पुणतांब्यासारख्या जुन्या गावातला वाडा घेऊन दारापासून एकेक शब्द तपासत आत जावे. दरवाजा तर उघडच फारसी. त्याच्या पोटातली दिंडी मात्र दक्षिणेची असावी, कारण कन्नडात मोठ्या दारातल्या लहान दाराला 'दिड्डी' म्हणतात. आत पाऊल टाकताच देवडी. कान 'देवा'कडे ओढतो, पण मूळ संस्कृत 'देहली' म्हणजे उंबरठा, यात असावे. याच जागेला कित्येक गावांत ढेलज किंवा ढाळज म्हणतात, आणि तो शब्द फारसी 'दहलीझ'चा दिसतो. देहली आणि दहलीझ! अर्थ जवळजवळ एक, ध्वनीही जवळचे. त्यांचे नाते रक्ताचे की नुसत्या शेजाराचे, हे कोडे मला फार आवडते. मराठीने ते सोडवले नाही, दोघांनाही दारात जागा दिली.

पुढे सोपा. येथे 'सोपान' आठवतो. सोपा जोत्यावर असतो, पायऱ्या चढूनच तेथे जावे लागते. तरी माझा कल अरबी 'सुफ्फा'कडे आहे. सुफ्फा म्हणजे छपराखालची बसायची जागा, ओटा. मदिनेच्या मशिदीतल्या अशा जागेवरून तिथे राहणाऱ्यांना 'अहल-अस-सुफ्फा' हे नाव पडले. तोच शब्द तुर्कांमार्फत युरोपात जाऊन सोफा झाला. तसे असेल, तर जुन्या सोप्यात नवा सोफा ठेवणारा एकाच शब्दाच्या दोन पिढ्या एकत्र बसवतो.

दिवाणखान्याचे गोत्रही असेच भटके. फारसी 'दीवान' म्हणजे मूळचे दफ्तर, नोंदवही. त्यावरून कचेरी, कचेरीचा अधिकारी, कवीच्या रचनांचा संग्रह, आणि शेवटी बसायची बैठक. इटालियन 'दोगाना' आणि फ्रेंच 'दुआन' हे जकातीचे शब्दही याच दफ्तरातले. दिवाणखान्यातली महिरप अरबी 'मिहराब'ची, कमान फारसी धनुष्याची, तक्तपोशी फारसी 'तख्तपोश'ची.

चौक ओलांडला की रंग पालटतो. चौक स्वतः 'चतुष्क', प्राकृत 'चउक्क'. उंबरठ्यात तर झाडच लपले आहे: वास्तुविद्येच्या संस्कृतात 'उदुंबर' म्हणजे दाराचे खालचे लाकूडही. कोठी 'कोष्ठिके'ची, न्हाणी 'स्नाना'ची. आणि माजघर म्हणजे 'मध्यगृह', प्राकृत 'मज्झघर'. चांगदेवांची समाधी पुणतांब्याला आहे. ते ज्ञानदेवांचे समकालीन, आणि त्या काळच्या मराठीत 'मध्ये' या अर्थी 'माझारी' बोलत. तो 'माज' आज माजघरात तेवढा नांदतो आहे.

मला या वाटचालीत एक नियम दिसतो. दिंडी आणि देवडी सोडली, तर वाड्याचा बाहेरचा भाग फारसी बोलतो, आतला प्राकृत. बाहेर वसुली, फिर्यादी आणि भेटीगाठी चालत, आणि त्या व्यवहाराची भाषा बहामनी काळापासून, पुढे १४९० ते १६३६ या अहमदनगरच्या निजामशाहीत, फारसीने भारलेली होती. आत बायकांचे राज्य होते. तिथे कचेरी पोचली नाही, म्हणून आजीपासून नातीकडे शब्द सरळ आले असावेत.

या नियमाला एक सुंदर अपवाद आहे: मुदपाकखाना. स्वयंपाक तर घराच्या पोटातला, मग 'खाना' कसा? मूळ अरबी 'मतबख', म्हणजे शिजवण्याची जागा. मराठी जिभेने तिचे 'मुदबख' केले आणि 'बख'मध्ये 'पाक' ऐकला. पण हा शब्द राजवाड्याचा. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत मुदपाकखाना हे एक खातेच होते. साध्या वाड्यात स्वयंपाकघरच राहिले, तेव्हा अपवाद नियमाच्याच बाजूने बोलतो.

छप्पर आणखी वेगळे. माडी शब्दाचे सोयरे कन्नड 'माड', 'माळिगे' हे असावेत. माळवदाची नजरही तिकडेच दिसते. ते ज्यावर तोलले आहे तो खांब मात्र 'स्तंभ'च. हेमचंद्राने प्राकृतात त्याची 'खंभ' आणि 'थंभ' अशी दोन रूपे नोंदवली आहेत. पहिल्यापासून खांब आला, दुसऱ्याच्या घराण्यात आपले 'थांबणे'.

आणि येथे गावाचेच नाव अडवते. पुणतांबे म्हणजे 'पुण्यस्तंभ', असे सांगतात. 'भ'चा 'ब' ठीक, खांबातही तो झाला आहे. पण 'थ' कुठे गेला? 'थांबणे'त टिकलेला महाप्राण येथे का गळावा? 'ताम्र', 'तंब', तांबे ही माळ ध्वनीने अधिक सरळ बसते. स्तंभाच्या अर्थावर तांब्याचा उच्चार चढला असावा, अशी माझी समजूत. मुदबखात पाक ऐकणाऱ्या कानाला हे अवघड नव्हते.

निवाडा जुन्या कागदांतल्या रूपांवर होईल. सोप्याचा आणि ढाळजेचा मात्र वाड्यांत राहणाऱ्यांकडूनच व्हायचा आहे. सोपा म्हणताना तुमच्याकडे चढायची जागा मनात येते की छपराखाली बसायची? ढाळज आणि देवडी हे दोन्ही शब्द एकाच घरात चालतात का? उत्तरे गावोगाव निराळी निघतील, आणि व्युत्पत्तीला तीच हवी आहेत.