म्हाताऱ्या कुत्र्याचे अंथरूण

होमरच्या ‘ओडिसी’त वीस वर्षांनी घरी परतलेल्या ओडिसियसला त्याचा वृद्ध कुत्रा अर्गोस शेणाच्या ढिगावर पडलेला दिसतो. धनी परागंदा, मग निगा कोण राखणार? अर्गोसला उठवतही नाही. तो शेपटी हलवतो, कान पाडतो आणि प्राण सोडतो.

इसवी सनाच्या २ऱ्या शतकातील एरियनला हे मुळीच रुचले नसते. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांचा हा इतिहासकार कप्पाडोकियाचा रोमन सुभेदारही होता. शिकारी कुत्र्यांवरील ग्रंथात तो बजावतो, की कुत्र्याला मऊ, ऊबदार अंथरूण हवे. त्याहून उत्तम म्हणजे त्याने माणसाजवळ निजावे. यात निव्वळ माया नव्हे, व्यवहारही आहे. रात्री जनावराला तहान लागली, काही दुखले-खुपले, तर शेजारी निजलेल्याला तत्काळ उमगते. थकल्या कुत्र्याला याची गरज अधिकच, असे मला वाटते. आपल्या लाडक्या होर्मे कुत्रीचे नाव मागे उरावे, म्हणून एरियनने तेही ग्रंथात नोंदवले.

पुढे फ्रान्समध्ये गास्तों फेब्यूसने १३८७मध्ये मृगयेवर ग्रंथ लिहावयास घेतला. त्याच्या श्वानगृहात पेंढा रोज बदलायचा. शिवाय पावसात भिजून आलेल्या कुत्र्यांसाठी शेकोटीही असे.