फॉर्म्युला वनमधील हायब्रिड पॉवर युनिट आणि विजेचा विनियोग

ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून पुन्हा वापरण्याची मुभा फॉर्म्युला वनमध्ये प्रथम २००९ साली ‘कर्स’ या प्रणालीच्या रूपाने मिळाली. तिची शक्ती ६० किलोवॅट आणि साठा फेरीमागे ४०० किलोज्यूल. म्हणजे जेमतेम साडेसहा सेकंदांची मदत.

२०१४ पासून १.६ लिटरच्या व्ही-६ टर्बो इंजिनाला दोन विद्युत मोटरी जोडल्या गेल्या: क्रँकशाफ्टवर १२० किलोवॅटची एक आणि टर्बोच्या दांड्यावर, निष्कास वायूंपासून वीज निर्माण करणारी दुसरी. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पुढे व टर्बाइन मागे ठेवणाऱ्या मर्सिडीजने त्या वर्षी १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या.

खरे कौशल्य वीज कोठे खर्चावी यात आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे सरळ पट्ट्याच्या अखेरीस ओतलेली वीज फारसा वेळ वाचवत नाही. वळणातून बाहेर पडताच ती दिली, तर कमावलेला वेग पुढे पट्टाभर उपयोगी पडतो. प्रतिस्पर्ध्याला मागे टाकतानाच काय तो अपवाद.

२०२६ च्या नियमांनी टर्बोवरील मोटर वगळली आणि दुसरीची शक्ती ३५० किलोवॅटपर्यंत नेली. बॅटरीतून मात्र एका वेळी सुमारे ४ मेगाज्यूलच काढता येतात. पूर्ण जोरावर ते साडेअकरा सेकंदांत संपतात. ब्रेक क्वचितच लागणाऱ्या मॉन्झासारख्या मार्गावर बॅटरी भरण्यासाठी वळणापूर्वीच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा लागतो.