निर्वाह वेतन, महाविक्रीगृहे आणि कामगार संघटना : शिकागो व वॉशिंग्टन येथील दोन विधेयकांचा इतिहास

वेतनविषयक कायद्यांच्या इतिहासात संज्ञांचा विचार टाळून पुढे जाता येत नाही. १९४८ साली भारत सरकारने नेमलेल्या वाजवी वेतन समितीने किमान वेतन, वाजवी वेतन आणि निर्वाह वेतन अशा तीन पायऱ्या मानल्या. किमान वेतन हा तळ, निर्वाह वेतन हे दूरचे ध्येय, आणि या दोहोंमधील वाजवी वेतनाची वरची मर्यादा उद्योगाच्या देयक्षमतेने ठरावयाची, असा त्या विभागणीचा आशय होता. आपल्या संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदात निर्वाह वेतनाचा उल्लेख आहे तो या ध्येयरूपानेच. कामगाराची गरज आणि मालकाची देयक्षमता या दोन कसोट्या एकमेकींपासून भिन्न आहेत, हे या विभागणीवरून ध्यानात येते. अमेरिकेतील ज्या दोन विधेयकांचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे, त्यांचा वाद मुळात या भेदाचाच होता.

अमेरिकेत निर्वाह वेतनाची कल्पना जॉन रायन या धर्मोपदेशक अर्थशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. तीत मुख्य कसोटी गरजेची होती. तथापि कायद्याचा मार्ग सुकर नव्हता. राजधानी वॉशिंग्टनमधील स्त्री-कामगारांच्या किमान वेतनाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये घटनाबाह्य ठरविला. तो दृष्टिकोन न्यायालयाने १९३७ मध्ये सोडून दिला. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, ताशी २५ सेंट किमान वेतनाचा संघराज्यीय कायदा झाला. परंतु किरकोळ विक्रीच्या दुकानांतील बहुसंख्य नोकर त्यातून वगळले गेले. १९६१ च्या दुरुस्तीने वार्षिक विक्री दहा लाख डॉलरांपर्यंत पोहोचलेले विक्री-व्यवसाय कायद्याच्या कक्षेत आले. विक्रीच्या आकारावरून दुकानांचे वर्गीकरण करण्याची पद्धत अशा रीतीने जुनीच आहे. मात्र तेथे तिचा हेतू लहान दुकानदाराला सूट देण्याचा होता.

१९९४ साली बाल्टिमोर नगरीने नवी वाट पाडली. नगरपालिकेचे कंत्राट घेणाऱ्या मालकांनी कामगारांना संघराज्यीय किमान वेतनाहून अधिक वेतन दिले पाहिजे, असा स्थानिक कायदा धर्मसंस्थांची एक संघटना व सार्वजनिक सेवकांची कामगार संघटना यांच्या प्रयत्नाने संमत झाला. त्यावेळी संघराज्यीय दर ताशी ४.२५ डॉलर होता, बाल्टिमोरने ६.१० डॉलरांपासून प्रारंभ केला. या कायद्याचे समर्थन सोपे होते. जो सार्वजनिक पैसा घेतो त्याने सार्वजनिक अट पाळावी, एवढेच त्याचे म्हणणे होते.

शिकागोचे विधेयक याहून वेगळ्या पायावर उभे होते, आणि त्यामागे विक्री-व्यवसायातील संघटनांची बिकट अवस्था होती. १९६२ साली आर्कान्सा राज्यात पहिले दुकान उघडणारी वॉलमार्ट कंपनी शतकाच्या अखेरीस देशातील सर्वांत मोठी खाजगी मालक बनली होती, आणि तिच्या अमेरिकेतील दुकानांत संघटनेला स्थान मिळाले नव्हते. फेब्रुवारी २००० मध्ये टेक्सासमधील जॅक्सनव्हिल येथील दुकानातील खाटीककाम करणाऱ्या दहा जणांनी ७ विरुद्ध ३ मतांनी संघटनेचा स्वीकार केला. थोड्याच दिवसांत कंपनीने अनेक दुकानांत आधीच कापून बांधलेले मांस विकण्याचे जाहीर केले आणि ते कामच संपले. या निर्णयाचा मतदानाशी संबंध नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. पुढे २००३-०४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील किराणा-विक्रीगृहांचा सुमारे साडेचार महिन्यांचा संप झाला. वॉलमार्टच्या स्पर्धेचे कारण पुढे करून मालकांनी नव्या नोकरांसाठी कमी वेतनाची श्रेणी मान्य करून घेतली. एकेका दुकानात मतदान घेऊन अशा कंपनीशी झुंजणे कठीण, हे संघटनांना कळून चुकले, आणि त्यांची दृष्टी नगरसभांकडे वळली.

२६ जुलै २००६ रोजी शिकागोच्या नगरसभेने ३५ विरुद्ध १४ मतांनी विधेयक संमत केले. ज्या दुकानाचे क्षेत्र किमान ९०,००० चौरस फूट आणि ज्याच्या कंपनीची वार्षिक विक्री किमान १०० कोटी डॉलर, त्याने २०१० पर्यंत ताशी १० डॉलर वेतन व ३ डॉलरांचे अन्य लाभ द्यावेत, अशी त्यातील तरतूद होती. इलिनॉय राज्याचा दर त्यावेळी ६.५० डॉलर होता. येथे सार्वजनिक पैशाचा प्रश्नच नव्हता. बोजा टाकला होता तो देयक्षमतेवर. विरोधकांनी नेमके याच मर्मावर बोट ठेवले. शेजारच्या लहान दुकानातील नोकराची गरज कमी असते काय, हा त्यांचा प्रश्न निरुत्तर करणारा नसला तरी अवघड होता. शिवाय कृष्णवर्णीयांच्या ज्या वस्त्यांत वर्षानुवर्षे नवे दुकान आले नव्हते, तेथील प्रतिनिधींतही फूट पडली. नगरसीमेलगतच्या एव्हरग्रीन पार्क येथील दुकानात सुमारे ३२५ जागांसाठी २५,००० अर्ज आल्याचे कंपनीने सांगितले होते; बेकारीची ही जाणीव अनेकांना वेतनदरापेक्षा निकटची वाटली. ११ सप्टेंबर रोजी महापौर रिचर्ड डेली यांनी आपल्या कारकिर्दीत प्रथमच नकाराधिकार वापरला. तो रद्द करण्यास ३४ मते हवी होती, ३१ पडली.

सात वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये हाच प्रयोग पुन्हा झाला. जुलै २०१३ मध्ये ८ विरुद्ध ५ मतांनी संमत झालेल्या विधेयकात ७५,००० चौरस फुटांच्या दुकानांसाठी, कंपनीच्या १०० कोटी डॉलर विक्रीच्या अटीसह, १२.५० डॉलरांचा दर होता. शहराचा सर्वसाधारण दर ८.२५ डॉलर होता. संघटनेशी सामूहिक करार असलेल्या मालकाला त्यातून सूट मिळावयाची होती. विधेयकाच्या पोटातील संघटनाविषयक हेतू या कलमात उघड होतो. मतदानाच्या आदल्या दिवशी कंपनीने नियोजित सहांपैकी तीन दुकाने न बांधण्याचा इशारा दिला. सप्टेंबरमध्ये महापौर व्हिन्सेंट ग्रे यांनी नकाराधिकार वापरला आणि आवश्यक ९ ऐवजी ७ मतेच मिळाल्याने तो टिकला. पुढे जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने शहराच्या पूर्व भागातील दोन नियोजित दुकाने तरीही सोडून दिली.

दोन्ही विधेयके पडली. परंतु त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न पडला नाही. वॉशिंग्टनच्या सभेने त्याच वर्षाच्या डिसेंबरात सर्व मालकांसाठी २०१६ पर्यंत ११.५० डॉलरांचा दर संमत केला. शिकागोने डिसेंबर २०१४ मध्ये २०१९ पर्यंत १३ डॉलरांचा मार्ग स्वीकारला. देयक्षमतेची कसोटी मागे पडली आणि गरजेची कसोटी सर्वांना लागू झाली. "मग मोठ्यांनाच का?" या आक्षेपाला "सर्वांनाच" हे उत्तर मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.

यात कामगारांचा लाभ झाला, हे निःसंशय. परंतु संघटनांचा लाभ झाला काय? सर्वसाधारण दर कायद्याने वाढला म्हणून एकाही दुकानात सामूहिक कराराचा हक्क आपोआप निर्माण होत नाही. कायदा दर ठरवितो. कामाचे तास कसे वाटावयाचे, तक्रार कोणाकडे न्यावयाची, काढून टाकलेल्याची बाजू कोणी मांडावयाची, हे प्रश्न दराच्या आकड्यात मावत नाहीत. वॉशिंग्टनच्या विधेयकातील करारवाल्या मालकांची सूट हाच दर आणि संघटना यांना जोडणारा दुवा होता, आणि सर्वसाधारण कायद्याच्या वाटेवर नेमका तोच गळून पडला.

तात्पर्य, या इतिहासाकडे केवळ जय-पराजयाच्या दृष्टीने पाहणे अपुरे ठरेल. संघटनांनी आपल्या दुर्बलतेवर उपाय म्हणून कायद्याचा आश्रय घेतला. कायद्याने वेतन दिले, बळ मात्र दिले नाही. भारतीय वेतनकायद्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीही किमान दराच्या तक्त्यापाशी न थांबता, तो दर प्रत्यक्ष पदरात पाडून घेण्याचे सामर्थ्य कामगाराच्या हाती कोणत्या मार्गाने येते, याचा शोध घेतला पाहिजे.