धुण्याच्या यंत्राची कुळकथा

माणूस कापड विणायला शिकला, त्या दिवसापासून कपडे धुण्याचे काम त्याच्या मागे लागले. खरे म्हणजे ते त्याच्या मागे लागले नाही, त्याच्या घरातल्या बाईच्या मागे लागले. लढायांचा आणि तहांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. पण ज्या कामात घरातल्या बाईची रोजची सकाळ खर्ची पडत असे, त्या कामाचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. तो थोडक्यात सांगावा असा आज विचार आहे. त्याला व्यवहाराचेही कारण आहे. आता खेडोपाडी धुण्याचे यंत्र आले आहे. ते बंद पडले की घरातले सगळे गांगरतात. पण या यंत्राची कुळकथा ज्याला ठाऊक आहे, त्याला त्याचा बिघाडही निम्मा उमगतो. कसा, तो पाहू.

रत्नागिरी जिल्ह्यातील एखादी जुनी वाडी डोळ्यांपुढे आणा. विहिरीच्या काठाला दगडी दोण, तिच्या शेजारी धुण्याचा दगड. विहिरीचे पाणी आटले की धुणे डोक्यावर घेऊन वहाळ गाठायचा. या धुण्यात एकूण किती कामे होती, मोजा पाहू. पहिले, पाणी काढणे. दुसरे, साबण किंवा रिठे लावून कपडा घोळवणे आणि आपटणे. तिसरे, मळके पाणी टाकून पुन्हा चांगल्या पाण्यात खळबळणे. चौथे, पिळणे. आणि पाचवे, ज्याला कोणी काम म्हणत नाही ते, म्हणजे लक्ष ठेवणे: कपडा किती वेळ भिजवायचा, कुठला जोरात आपटायचा, कुठला हलक्या हाताने धुवायचा.

या पाचांत आपल्या कोकणात चौथ्याला फार महत्त्व. देशावर कपडा कसाही पिळला तरी दोन प्रहरी वाळतो. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पडवीतल्या दांडीवर कपडे तीन-तीन दिवस ओलेच, मग चुलीच्या उबेला धरायचे. त्यांना धुराचा वास, नाहीतर कुबट वास. ज्यांना परवडे त्यांचे कपडे परीट नेत असे. भट्टी, खळ, नीळ, पापडखार यांचे त्याचे ज्ञान पिढीजात होते. पण बलुत्याच्या हिशेबात त्या ज्ञानाची किंमत किती झाली, हे आपणांस ठाऊकच आहे.

आता यंत्राकडे वळू. हे यंत्र एकदम कोणा एकाने शोधून काढले नाही. वर सांगितलेल्या पाच कामांपैकी एकेक काम हातातून काढून घेत ते वाढले.

जर्मनीतील रेगेन्सबुर्ग गावच्या शेफर नावाच्या पाद्र्याने १७६७ साली धुण्याच्या यंत्राचे वर्णन आणि आराखडा छापून प्रसिद्ध केला. लाकडी पिंप आणि आत कपडे ढवळणारा दांडा, असे ते साधन. १७८२ साली इंग्लंडात हेन्री सिजियर याने फिरत्या पिंपाच्या यंत्राचे पेटंट घेतले. म्हणजे आपटण्याचे काम यंत्राकडे गेले. फिरवणारा हात मात्र माणसाचाच होता. एकोणिसाव्या शतकात पिळण्यासाठी दोन रुळांचा चरक आला. उसाचा चरक असतो ना, त्याचाच हा भाऊ. यात कपडा घालायचा.

मग वीज आली. शिकागोच्या आल्वा फिशर याला १९१० साली विजेच्या धुलाईयंत्राचे पेटंट मिळाले. त्याच्या आधीही काहींनी अशी यंत्रे केली होती. या पहिल्या यंत्रांची मोटर उघडीच असे. पाणी तिच्यावर ठिबकायचे आणि धुणाऱ्या बाईला झटका बसायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे. १९३७ साली अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने आपोआप पाणी घेणारे, धुणारे आणि पिळणारे यंत्र दाखवले. म्हणजे पाचवे काम, लक्ष ठेवण्याचे, तेही यंत्राने घेतले. पण पिळताना ते इतके थरथरे की जमिनीला बोल्टांनी जखडून ठेवावे लागे. जपानात १९५३ साली सान्यो कंपनीने फिरत्या चकतीचे लहान यंत्र काढले. दूरचित्रवाणी, शीतकपाट आणि धुण्याचे यंत्र ही त्या काळी जपानी गृहस्थाच्या घरची तीन रत्ने मानली जात.

आपल्याकडे आधी आली पावडर, मग यंत्र. सर्फ १९५९ साली आली आणि निरमा १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी सुरू केली. वीज तर आपल्या जिल्ह्यातच तयार होऊ लागली. चिपळूण तालुक्यात पोफळीला कोयनेच्या पाण्यावरचे वीजघर १९६२ साली सुरू झाले. तरी घरोघर यंत्र दिसू लागायला १९८० च्या दशकाची अखेर उजाडली. त्यात औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉनचा मोठा वाटा होता. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेली; पण तिची जुनी यंत्रे बंद पडलीच असे नाही. कारण जोड टबाच्या यंत्राचे पट्टे, कपॅसिटर, टायमर हे भाग बाजारात सुटे मिळतात. कोकणात तर यंत्र बहुधा मुंबईच्या चाकरमान्याने धाडलेले. ते आले, पण त्याची निगा कशी राखायची हे ज्ञान काही त्याच्या खोक्यातून आले नाही.

म्हणून सांगतो, यंत्र अडले की घाबरू नका. पाच कामांपैकी कोणते काम थांबले, एवढेच स्वतःला विचारा. मात्र हात घालण्याआधी बटण बंद करा आणि प्लगही काढा.

पाणीच येत नाही? मग नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी पाहा. आपल्याकडचे पाणी तांबड्या मातीचे; पावसाळ्यात ती जाळी गाळाने बुजते. नळ बंद करून नळी सोडवा, जाळी अलगद ओढून जुन्या ब्रशाने धुवा. टाकी फार खाली असली तरी पाण्याला जोर राहत नाही.

मोटर घूं करते पण तळाची चकती फिरत नाही? प्लग काढून चकती हाताने फिरवून पाहा. अडकत असेल तर खाली नाणे, बटण किंवा आकडा असतो. अगदी सहज गरगरली तर पट्टा तुटलेला किंवा सैल. दोन्ही नीट असतील तर संशय कपॅसिटरवर. त्याला मात्र आपण हात लावू नये; प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. ते काम मिस्त्रीचे. विजेचा दाब कमी असला तरीही मोटर अशीच कण्हते.

पाणी जात नाही? जोड टबाच्या साध्या यंत्रातून पाणी आपल्या वजनाने वाहते, म्हणून त्याची नळी जमिनीलगत हवी. पंपाच्या यंत्राची नळी उलट वर टांगलेली लागते. ही अदलाबदल झाली की यंत्र चांगले असूनही बिघडलेले वाटते. पुढून दार असलेल्या यंत्राच्या पायाशी एक गाळणी असते. ती महिन्यातून एकदा काढून धुवावी.

पिळताना यंत्र नाचते? बेंडिक्सचे दुखणे आठवा. कपडे एका बाजूला गोळा झाले असतील, किंवा यंत्राचे पाय समपातळीत नसतील. शहाबादी फरशीवर पाय हलतो का, हे कोपरे दाबून पाहावे. आणखी एक: झाकण उघडताच पिळणारे पिंप काही क्षणांत थांबले पाहिजे. थांबत नसेल तर त्याचा ब्रेक गेला आहे. ते दुरुस्त होईपर्यंत ती बाजू वापरू नका. मुलांचे हात फार लवकर आत जातात.

आता खास आपल्या मुलखाच्या चार गोष्टी. आपला जांभा लोहाने भरलेला. काही विहिरींच्या पाण्यातही लोह उतरते. अशा पाण्यात ब्लीचिंग टाकले तर लोह गंजासारखे वेगळे होते आणि पांढऱ्या कपड्यांवर पिवळे डाग उठतात. दोष यंत्राला देऊ नका. दुसरे, खारी हवा. यंत्र ओल्या भिंतीला चिकटवून ठेवू नये आणि धुणे झाल्यावर झाकण उघडे ठेवावे. रबरावरची काळी बुरशी त्यानेच थांबते. तिसरे, उंदीर. ते खालून शिरून वायरी कुरतडतात, म्हणून तळाला जाळी हवी. चौथे, कुलूपबंद घरे. शिमग्याला उघडायचे आणि मग थेट गणपतीला. पडून राहिलेल्या यंत्राचा पट्टा ताठरतो, रबरे चिकटतात. जाताना सगळे पाणी काढून, पुसून ठेवावे. आल्यावर आधी खाली तपासून, कपडे न घालता एकदा पाण्यावर फिरवावे. आगोटीची कामे आपण करतोच. कौले परतताना यंत्राचीही आठवण ठेवावी.

आता सर्वांत महत्त्वाचे, १९१० च्या त्या उघड्या मोटरीचे. यंत्राला हात लावताच झिणझिण्या येतात, असे पुष्कळ घरांत सहज सांगतात. सहज सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हे. पाणी, ओले पाय आणि वीज एकत्र आली की माणूस जातो. प्लगची तिसरी, मोठी पिन कापून टाकू नका; तीच जमिनीकडची वाट. पण आपला कातळ उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, त्यामुळे अर्थिंगचा खड्डा नुसता नावाला राहतो. त्यात मीठ-कोळसा आहे का ते वायरमनकडून पाहून घ्यावे, आणि वैशाखात त्यात पाणी ओतावे. गळतीची वीज ओळखून प्रवाह तोडणारे तीस मिलिअँपिअरचे स्विच मिळते. यंत्रापेक्षा ते फार स्वस्त आणि जिवापेक्षा तर किती स्वस्त!

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. अशा पुरात बुडालेले यंत्र वरून सुकले म्हणून कधीही चालू करू नये. आधी गोड्या पाण्याने चिखल धुवावा, मागचा पत्रा काढून अनेक दिवस वाळू द्यावे, आणि मोटरीचे विजेपासूनचे वेष्टण शाबूत आहे का, हे जाणत्याकडून उपकरणाने मोजून घ्यावे. पुष्कळदा टायमर आणि कपॅसिटर बदलावा लागतो. सगळे यंत्र भंगारात घालावे लागतेच असे नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपणांस एक विनंती. गावात एखादे जुने यंत्र असेल तर ते शाळेत आणवा. वायर कापून ते उघडा आणि मुलामुलींना, हो, मुलांनाही, ही पाच कामे त्यात दाखवा. धुण्याच्या दगडाची निगा प्रत्येक घराला ठाऊक होती, म्हणून दगड कधी अडला नाही. यंत्राने बाईचे कष्ट कमी केले हे खरे. पण ते अडले की दोणीवर पुन्हा तीच जाते. त्याची निगा सगळ्या घराने शिकली, तरच तिची ती सकाळ तिच्याकडे राहील.