तीनशे अंकांच्या मूळ संख्येचं कुळ

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. या योजनेचं तंत्रज्ञान केंद्र मात्र बंगळुरूत. नोंदणीत घेतलेले बोटांचे ठसे 2048 बिटांच्या किल्लीने बंद होऊन पुढे जातात. किल्लीच्या पोटात दोन मूळ संख्यांचा गुणाकार असतो, प्रत्येक संख्या सुमारे 308 अंकी. गुणाकार चारचौघांत सांगितला तरी चालतो. अवयव सांगायचे नाहीत. आधारची माहिती सुरक्षित आहे हे सांगताना 2018 मध्ये सरकारने सर्वोच्च न्यायालयात 13 फूट उंच आणि 5 फूट जाड भिंतींचाही हवाला दिला होता. भिंती असोत बापड्या, खरी राखण या अवयवांची.

एवढ्या मोठ्या मूळ संख्या आणायच्या कुठून? त्या दुर्मीळ नाहीत. 1896 साली सिद्ध झालेल्या प्रमेयानुसार या टापूत सरासरी 710 संख्यांमागे एक मूळ संख्या भेटते. सम संख्या गाळल्या, तर 355 मागे एक. संगणक वाटेल ती विषम संख्या उचलतो, तपासतो, नापास झाली की दुसरी घेतो.

ही तपासणी फ्रेंच गणिती फर्मा याच्या घराण्यातली. 1640 च्या एका पत्रात त्याने नियम कळवला: मूळ संख्येने भाग न जाणारी कोणतीही संख्या पाया धरा, मूळ संख्येहून एकने कमी एवढा तिचा घात घ्या, मूळ संख्येने भागा, बाकी 1 उरते. 2 चा सहावा घात 64. 7 ने भागा आणि पाहा. पुरावा लांबेल म्हणून त्याने दिला नाही, ही त्याची नेहमीचीच खोड! पण या नियमाला तोतये फसवतात. 561 म्हणजे 3 × 11 × 17, तरी 3, 11 किंवा 17 ने भाग न जाणारा कोणताही पाया घेतला की ती पास होते. 1876 मध्ये गणिती ल्युकाने दुसऱ्या युक्तीने, संगणकाविना, 2 चा 127वा घात वजा 1 ही 39 अंकी संख्या मूळ ठरवली. 1951 पर्यंत तिच्याहून मोठी कुणाला सापडली नव्हती.

1977 मध्ये अशा गुणाकारावर उभं असलेलं आरएसए कुलूप आलं आणि हौसेची संख्या गरजेची झाली. मिलर आणि राबिन यांची चाचणी तोतयांना पकडते, पण ‘बहुधा मूळ’ एवढंच सांगते. एका फेरीत चुकण्याची शक्यता फार तर चारात एक. वीस फेऱ्यांनंतर ती लाख कोटीत एकाहून कमी.

शंभर टक्के खात्रीची आणि तरीही तत्त्वतः झटपट रीत 2002 मध्ये कानपूर आयआयटीत मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली.  कुलुपं बनवणाऱ्यांनी मात्र ‘बहुधा’च ठेवलं, कारण ते कितीतरी वेगवान. मला यात गणिताचा अपमान दिसत नाही. सिद्धता आणि सोय यांची बिऱ्हाडं वेगळी असतात.

आता या कुळावर संकट आहे ते क्वांटम संगणकाचं. 1994 मध्ये पीटर शोर यांनी अशा यंत्रावर अवयव झटपट पाडण्याची रीत दाखवली. म्हणून ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने किल्ल्यांच्या देवाणघेवाणीची नवी पद्धत जाहीर केली. तिच्यातही एक मूळ संख्या आहे, सर्वांसाठी एकच आणि उघडी: 3329.