पांढुर्ण्याचं आमचं कवेलूचं घर

मंडळी, गेल्या उन्हाळ्यात आमच्या पांढुर्ण्याच्या घराचा मागचा भाग पाडला. फोटो पाहून बऱ्याच जणांनी विचारलं, समोरचं कशाला ठेवलं? म्हणून हे लिहितो.

घर जाम नदीपासून जवळच. दीड हात जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब, ओसरी, माजघर, वर माडी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असली की सारे पाहुणे आमच्याकडेच. आजोबांना चिंता एकच, लेकरं कवेलूवर चढतील.

घराचे कागद एका पत्र्याच्या पेटीत आहेत. पणजोबांचा खरेदीचा कागद मोडीत, आजोबांच्या पावत्या मराठीत, बाबांच्या हिंदीत. हा मुलूख आधी देवगडच्या गोंड राजांचा, मग नागपूरच्या भोसल्यांचा, मग इंग्रजांचा. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानीही नागपूरच होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपला छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. नागपूर शंभरेक किलोमीटरवर, पण कामासाठी भोपाळ! २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. घर मात्र जागचं हललं नाही.

आता खरी चूक सांगतो, ती आमचीच. बाबांच्या काळात मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलं. दिसायला चांगलं झालं, पण मातीला आतली ओल बाहेर टाकता येईना. दोन-चार पावसाळ्यांत प्लास्टरचे पापुद्रे निघाले आणि मागच्या दोन खांबांचे बुड सडले. पूर्वी मृगाच्या आत कवेलू फेरले, भिंत लिंपली, सारवलं की वर्ष निघायचं. आता फेरणारा माणूस मिळत नाही, वरून वानरं उड्या मारतात ते वेगळंच.

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, सगळंच पाडू, स्लॅब टाकू. दरवर्षी कोण निस्तरणार हे?" त्याचं चूक नव्हतं, खर्च तोच जास्त देणार होता. दोन महिने आम्ही नीट बोललोही नाही. शेवटी आई म्हणाली, "मागचं मोडा बाप्पा, पण ओसरीले हात नोको लावू. तुह्या बाबाले तेथूनच नेलं."

त्यावर भाऊ काही बोलला नाही. मागे स्लॅबच्या दोन खोल्या, संडास-बाथरूम झालं. आईचे गुडघे पाहता ते पाहिजेच होतं. समोरचं सिमेंट खरवडून माती-भुशाचा गिलावा केला, वर चुना दिला. माडी तशीच आहे.

देशी कवेलू आता नवे मिळत नाहीत. सौंसरला एकांचं जुनं घर पडत होतं, तिथून ट्रॅक्टरभर आणले. तरी तीनेकशे कमी पडतात. कोणी घर पाडत असाल तर फेकू नका, कळवा. गाडी घेऊन आम्हीच येतो.