मलय व इंडोनेशियन भाषांतील अरबी-फारसी शब्द

अरबी लिपीतील मलयच्या जुन्यात जुन्या नमुन्यांपैकी एक म्हणजे मलेशियातील तेरेंगानूचा शिलालेख. चौदाव्या शतकातील या लेखात इस्लामी कायदे सांगितले आहेत, पण अल्लाहचा निर्देश मात्र ‘देवाता’ या संस्कृत शब्दाने केला आहे. संस्कृतने समृद्ध झालेल्या या भाषेत अरबी-फारसी शब्दांची भर पुढे पडत गेली.

फारसी शब्द संख्येने कमी. त्यांतले बरेचसे समुद्र आणि बाजारपेठ यांच्याशी निगडित आहेत : बांदार (बंदर), नाखोदा (जहाजाचा कप्तान), साउदागार, पासार (बाजार), गांदुम (गहू), आंगुर (द्राक्ष). मलाक्का हे बंदर १५११मध्ये पोर्तुगीजांनी घेतले. त्याआधी तिथे परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर (बंदराचे अधिकारी; हाही फारसी शब्द) असत आणि त्यांपैकी एक फक्त गुजरात्यांचा असे.

अरबी शब्दांचा साठा फार मोठा असून तो धर्मापुरता मर्यादित नाही : काबार (खबर), दुनिया, वाक्तू (वेळ), कुर्सी, सोमवार ते शनिवार ही वारांची नावे. यांतले अनेक शब्द थेट अरबस्तानातून न येता फारसीच्या वाटेने, भारतीय बंदरांमार्गे आले असावेत, असे अभ्यासक मानतात. या मताला शब्दांच्या शेवटांचा भक्कम आधार आहे. ज्या अरबी नामांचा शेवट एरवी ‘अह’ असा उच्चारला जातो, त्यांतली पुष्कळ नामे फारसीप्रमाणे मलयमध्येही ‘अत’ने संपतात : राक्यात (जनता), हिकायात (कथा), निक्मात (सुख). मराठीतील रयत, नियत हे शब्दही फारसीमार्गेच आलेले. मदरशांतून, ग्रंथांतून आलेल्या शब्दांत ‘अह’ टिकला. म्हणूनच एकाच अरबी शब्दापासून मलेशियात ‘मेस्युआरात’ म्हणजे बैठक, तर इंडोनेशियात ‘मुस्यावाराह’ म्हणजे सर्वांशी विचारविनिमय, अशी दोन रूपे रूढ आहेत. ‘पेरलू’ (गरज) आणि ‘फार्दू’ (धार्मिक कर्तव्य) ही जोडीही तशीच. पहिला शब्द बोलण्यात घासून इतका बदलला आहे, की मूळ ‘फर्ज’ त्यात सहजी ओळखू येत नाही.

हे शब्द या भाषांत किती मुरले आहेत, ते इंडोनेशियाच्या संसदेच्या ‘देवान परवाकिलान राक्यात’ या नावात दिसते. ‘देवान’ हा फारसी दिवाण, ‘राक्यात’ अरबी. मधल्या अरबी ‘वाकिल’ला मात्र पुढे-मागे मलय प्रत्यय लागून ‘प्रतिनिधित्व’ असा शब्द घडला आहे. तिथे ‘वाकिल’ म्हणजे प्रतिनिधी. पेशवाईतले दरबारी वकील याच अर्थाने वकील होते.